छत्रीवाल्याचा पोवाडा

स्लाऊ, ६ फेब्रुवारी १९६६

आबा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवलंय असं समजा. तुम्ही पाय मागे घेतलेत की नाही ते इथून दिसत नाही, हा पत्राचा एक फायदा.

माझ्या लग्नाचं कळल्यावर तुम्ही एकच कार्ड धाडलंत. त्यावर एकच वाक्य होतं : "ज्या आडनावाचा एकही पोवाडा नाही, त्या घरात तू गेलीस." त्यानंतर दोन वर्षं तुमची शाई आटली. आई खुशाली कळवते, पण त्यात म्हशीचीच जास्त. मी रागावले, रडले आणि मग गप्प बसले, कारण तुमच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता आहे. आणि त्याच उत्तरापायी माझं तुमच्यावाचून अडलंय.

झालं असं. इथे इंग्लंडात जेवढे मक आडनावाचे लोक आहेत, ते सगळे चिनी नव्या वर्षानंतरच्या एका सोमवारी लंडनला जेवायला जमतात. सोमवार का, तर बहुतेकांची खाणावळ किंवा चिप्सचं दुकान. त्याच दिवशी सुट्टी मिळते. आमचंही स्लाऊला दुकान आहे, फॅक्टऱ्यांच्या वाटेवर. ते विंगच्या, म्हणजे तुमच्या जावयाच्या वडिलांचं. मी त्यांना मामंजी म्हणते. पूर्वी बोटीवर खलाशी होते, हाँगकाँगजवळच्या खेड्यातले. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत चालतं, पण भांडायला पुरतं.

तर मागच्या सोमवारी आम्ही त्या जेवणाला गेलो. तिथले एक थोरले आजोबा मामंजींना विचारू लागले, "सुनेचे लोक कोण? त्यांच्यात कोणी नाव काढलंय का?" म्हणजे तुमचाच प्रश्न, चिनी भाषेत. विंगने मला तो सांगितला आणि माझं टाळकं सरकलं. मी म्हणाले, "माझे वडील शाहीर आहेत. ज्यांनी नाव काढलं त्यांना ते गातात. तुमच्या पूर्वजालाही गातील."

मामंजींनी ते भाषांतर करून सांगितलं. मग सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि पुढच्या वर्षीच्या जेवणाला मकांचा पोवाडा ठरला. मामंजी तेव्हापासून छाती काढून फिरतायत.

आबा, जीभ माझी सुटली, पण अब्रू त्यांची पणाला लागलीय. पोवाडा आला नाही तर मी तोंड लपवीन एवढंच; त्यांना मात्र दर वर्षी त्याच लोकांत बसायचंय. म्हणून माहिती पाठवते. मक हे आडनाव चीनच्या मानाने दुर्मीळ. अर्थ गहू. साडेतेराशे वर्षांपूर्वी मक तिट-चेउंग नावाचे थोर गृहस्थ होऊन गेले. राजाच्या डोक्यावर छत्री धरण्याचा मान त्यांचा होता. पुढे ते सरदार झाले. त्यांचा मुलगाही राजनिष्ठ निघाला. शिवाय सत्तर वर्षांपूर्वी याच आडनावाच्या एका विद्वानाने सुधारणा करा म्हणून बादशहाकडे अर्ज केला होता. एकूण घराणं सज्जनांचं आहे.

शशी


स्लाऊ, २० मार्च १९६६

आबा,

तुमचं कार्ड मिळालं. "छत्री धरणाऱ्याचा पोवाडा होत नाही. अर्ज करणाऱ्याचा तर नाहीच." दोन वाक्यं. मागच्या खेपेपेक्षा दुप्पट. मी ते कार्ड हॉस्पिटलच्या वॉर्डात खिशात घालून फिरले, आणि सिस्टरने विचारलं की आज एवढी का खुशीत, तर म्हणाले, वडील ओरडले.

आता खरं सांगते. छत्रीवाला चोर होता.

हे लपवलं, कारण सासरची बाजू मांडताना कोणती लेक म्हणेल की मूळ पुरुष दरोडेखोर? मी आपला त्याचा मळ धुऊन, भांग पाडून तुमच्यापुढे उभा केला. तर तुम्ही त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाहीत.

गोष्ट अशी आहे. तिट-चेउंग म्हणजे लोखंडी काठी. गरीब घरचा, दारू आवडायची, मैत्रीला जागायचा, आणि पळायचा असा की घोडा मागे पडावा. दरोडे घालताना पकडला गेला. शिक्षा म्हणून त्याला राजाचा गुलाम केलं आणि छत्री धरायला उभं केलं. दिवसभर हा दरबारात छत्री धरून गरिबासारखा उभा. संध्याकाळी दरबार उठला की निघायचा पळत, कराडहून साताऱ्याला जावं इतक्या लांबच्या शहरात. तिथली तटाची भिंत चढायची, मशाल पेटवून उघड उघड दरोडा घालायचा आणि पुन्हा पळत परत. सकाळी दरबार भरतो तर हा छत्री धरून हजर.

हे बरेचदा झालं. लुटलेले लोक तक्रार घेऊन आले, म्हणाले, आम्ही याला ओळखतो. दरबारी हसले. "अहो, हा रोज सकाळी आमच्यासमोर उभा असतो." शेवटी एका शहाण्या प्रधानाने युक्ती केली. दरबार सुटताना म्हणाला, त्या शहरी राजाचा हुकूम तातडीने पोचवायचाय, जाऊन येईल त्याला मोठं बक्षीस. हा गडी पुढे झाला, रातोरात हुकूम पोचवून सकाळी परत आला आणि बक्षिसासाठी हात पुढे केला. राजा म्हणाला, "सापडला चोर." पण पळण्यावर इतका खूश झाला की दम देऊन सोडून दिलं.

मामंजी ही गोष्ट सांगताना स्वतःच पळतात. काउंटरच्या आतल्या बाजूने, हातात झारा घेऊन.

अजून एक. पुढे तो मोठा अधिकारी झाल्यावर एकाने भर दरबारात हिणवलं, "गहू हे कसलं आडनाव?" त्या माणसाच्या स्वतःच्या आडनावाचा उच्चार होता कडधान्यासारखा. हा म्हणाला, "गहू काय नि कडधान्य काय, एकाच रानातली. त्यात नवल ते काय?" हे मी तुम्हाला उगाच सांगत नाहीये. आपल्या गावात मुळे आहेत, भोपळे आहेत आणि तुम्ही गव्हाला नावं ठेवलीत.

शशी


स्लाऊ, २९ मे १९६६

आबा,

आख्खं पत्र! चोर म्हटल्याबरोबर तुमचं मन विरघळलं. आईने खाली लिहिलंय की तुम्ही डफ उतरवून शेकायला ठेवलात. मी ती ओळ विंगला वाचून दाखवली, मग त्याला डफ का शेकतात हे समजावत बसले, आणि तेवढ्यात कढईतले चिप्स काळे झाले.

तुमच्या प्रश्नांची उत्तरं घ्या.

घोडा कोणता? घोडा नव्हता. तोच घोडा.

शस्त्र? नावातच काठी आहे. पण एकदा शत्रूने बांधून नेत असताना पहारेकऱ्यांनी जेवणापुरते हात सोडले, तर त्यांचीच तलवार हिसकून सगळ्यांना लोळवलं. जेवायच्या आधी की नंतर ते लिहिलेलं नाही.

नदी कृष्णेएवढी का? मामंजी म्हणतात, पलीकडच्या काठावरचा माणूस दिसत नाही अशी. ती त्याने डोक्यावर गवताचा भारा घेऊन अंधारात पोहून पार केली, बंडखोरांचा तळ पाहायला.

मेला कसा? कोरियाच्या स्वारीत. नदीवर सैन्याने पूल टाकला तो काठापर्यंत पुरला नाही. आखूड पडला. मागे न फिरता याने उडी घेतली आणि काठावर लढत मेला. त्याआधी वैद्याला म्हणाला होता, "कपाळावर औषधाच्या डागण्या घेत, खाटेवर, बायकांच्या हातात मरणारा मी नव्हे." नर्स म्हणून हे मला फारसं आवडलेलं नाही, पण पोवाड्याला चालेल.

आई काय म्हणाली? इथे घोडं अडलं. तुम्ही लिहिलंत की आईवाचून पोवाडा उभा राहत नाही, वीर निघताना उंबऱ्यात आई पाहिजे. बरोबर आहे. पण त्याच्या आईचं कुठे काही लिहिलेलंच नाही. मामंजींनी लंडनच्या थोरल्या आजोबांना फोन केला, त्यांनी त्यांच्याकडची घराण्याची पोथी काढली. तिच्यात फक्त बापेमाणसं. मामंजी बराच वेळ बटाटे सोलत बसले. मग म्हणाले, "माझी आई घाल."

मी म्हणाले, म्हणजे?

"बोटीवर चढलो तेव्हा बांधावर उभी होती. म्हणाली, पाय दुखले की परत ये. मी गेलोच नाही. वारली. तिचं वाक्य त्याच्या आईला दे. चालेल का विचार तुझ्या वडिलांना."

आबा, चालेल का?

शशी


स्लाऊ, १६ ऑक्टोबर १९६६

आबा,

जूनपासून तुमचं काही नाही. मी पावसाला दोष दिला, मग पोस्टाला, मग स्वतःला. मामंजींच्या आईचं लिहिलं ते जास्त झालं का? की आठवलं तुम्हाला, मी कोण आणि कुठे आहे ते?

इकडे मामंजींनी आमंत्रणं छापून घेतलीत. थोरल्या आजोबांनी विचारलंय की शाहीर चेहरा कोणत्या रंगाने रंगवणार. त्यांच्या नाटकात वीराचा चेहरा लाल असतो. मी कळवलं, आमच्यात चेहरा आपोआप लाल होतो.

ईलिंगची अलका माहीत आहे ना? मागे आईला लिहिलं होतं, पुण्याची, नवरा डॉक्टर. ती रविवारी आली होती. म्हणाली, "अगं शशी, आर यू सीरियस? हॉलभर चायनीज लोकांसमोर पोवाडा? त्यापेक्षा सिंपल काहीतरी कर. भजी कर."

मी म्हणाले, "भजी तळणारे तिथे सगळेच आहेत."

"मग तूच लिही ना. शाहिराची डॉटर आहेस. रक्तातच असणार."

लिहून पाहिलं, आबा. 'मक आला पळत, चोरी केली कळत नकळत.' अलका पाच मिनिटं कोचावर आडवी पडून हसत होती. रक्तात झील आहे, कवन नाही. नऊ वर्षांची असल्यापासून तुमच्या मागे उभी राहून 'जी जी' केलं. पुढे उभं राहून काय म्हणायचं ते तुम्हालाच ठाऊक. मिरजेला नर्सिंगला गेले तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, माझा उजवा हात गेला. मी तेव्हा हसले होते. इथे एकटी आंघोळीला गेले की अजून तुमचा आवाज लावते आणि मग स्वतःच झील धरते. विंगला वाटतं बायकोला वेड लागलंय.

पोवाडा नका पाठवू हवं तर. पण नाही म्हणून तरी लिहा. मला तुमची फार आठवण येते.

शशी


स्लाऊ, १५ जानेवारी १९६७

आबा,

आई म्हणते तुम्ही चार महिने परड्यात येरझारा घालत पुटपुटत होतात आणि जेवायला हाक मारली तर अंगावर येत होतात. हे तिने मला आधी का नाही सांगितलं? म्हशीची कावीळ सांगायला जागा होती!

तुमच्या चौकांची निळी हवाई पत्रं एकेक करून येतायत, पण उलटसुलट. आमच्या घरी मक आधी मेला, मग पकडला गेला, मग दरोडा घातला आणि काल सकाळी जन्मला. मी ती सगळी पत्रं भिंतीला चिकटवली आहेत. दरोड्याचा चौक तर असा बसलाय की म्हणता म्हणता माझेच पाय उचलतात :

दिवसा छत्रीचा मान, खाली घालूनिया मान,
जणू गरीब गाय छान, जी जी रं जी
दिवस मावळता बेभान, लोखंडी काठी जवान,
धावे सोडलेला बाण, जी जी रं जी

विंगकडे सिंहनाचाचा ढोल आहे. त्यावर त्याला ठेका शिकवतेय. शेजारच्या बाईने काल भिंतीवर थाप मारली, तीसुद्धा बरोबर समेवर.

आईचा चौक मामंजींना अजून सांगितलेला नाही. तो त्यांनी त्याच दिवशी ऐकावा असं वाटतं.

पण आबा, शेवटचा चौक कुठाय? जिथे शाहीर आपलं नाव घेतो, गाव सांगतो, आणि झील कोणी धरली ते सांगतो, तो? तो आलेला नाही. पोस्टात हरवला असं मी मामंजींना सांगितलंय. मला तसं वाटत नाही. त्या चौकात माझं नाव घालायचं का, आणि घातलं तर कोणतं आडनाव लावायचं, इथे तुमचं पाऊल थांबलंय. मी घाई करणार नाही.

शशी


स्लाऊ, २२ फेब्रुवारी १९६७

आबा,

झाला पोवाडा. परवा सोमवारी. आज माझा घसा पार बसलाय आणि वॉर्डात खुणांनी बोलतेय.

अलकाने तिच्या केशरी शालूचा फेटा बांधून दिला. भजीचा आग्रह धरणारी हीच बाई झील धरायला माझ्या मागे उभी राहिली, आणि तिसऱ्या चौकापासून ती माझ्याही पुढे ओरडत होती. विंगने ढोल इतक्या जोरात वाजवला की वाट्या हलल्या. थोरल्या आजोबांनी माझा न रंगवलेला चेहरा बघून नाक मुरडलं होतं, ते डफाऐवजी ढोल ऐकल्यावर सरळ झालं.

प्रत्येक चौकाआधी मामंजी उभे राहून त्यांच्या भाषेत अर्थ सांगायचे. तुमच्या चार ओळींना त्यांची दहा मिनिटं. दरोड्याला लोक टेबलावर मुठी आपटत होते. गहू आणि कडधान्याला एक म्हातारी इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. 'जी जी रं जी' कोणाला शिकवावं लागलं नाही. सगळा हॉल म्हणू लागला, आणि आतले आचारी एप्रनवर बाहेर आले, तेही म्हणू लागले. आबा, एवढी मोठी झील तुम्हाला जन्मात मिळाली नसेल.

मग आईचा चौक आला. मी विंगला आधी सांगून ठेवलं होतं, त्याने वडिलांच्या कानात अर्थ सांगितला :

उंबऱ्यात माय उभी, म्हणे जा रे लेकरा,
पाय दुखता परत ये, वाट पाहील हा घर-उंबरा

मामंजी अर्थ सांगायला उभे राहिले. चष्मा काढला. तो पुसतच राहिले. शेवटी विंगनेच लोकांना सांगितलं आणि हेही सांगितलं की ही आजी आमची. तिथे बसलेल्यांपैकी कितीतरी जण असेच बोटीवर चढलेले. रडणं दाबायचा कोणी प्रयत्नही केला नाही. मग मी उडीचा चौक घेतला आणि त्यांना परत हसतं, ओरडतं केलं, तुम्ही शिकवलंत तसं. लोकांना रडवून घरी पाठवू नये.

संपलं तेव्हा थोरले आजोबा म्हणाले, "एवढंच?" त्यांनाही कळलं काहीतरी राहिलंय. मी साधंच बोलून सांगितलं, हा पोवाडा कृष्णाकाठच्या बोरगावच्या धोंडीराम शाहिराचा. माझं नाव मी घेतलं नाही. ते घ्यायचा हक्क शाहिराचा.

मामंजी परतीच्या गाडीत स्लाऊ येईपर्यंत 'जी जी' म्हणत होते. पण उतरताना त्यांनी विचारलं, "तुझं नाव का नव्हतं त्यात?" मी म्हणाले, पोस्टात हरवलं.

शशी


स्लाऊ, ३० एप्रिल १९६७

आबा,

तुमचं पत्र काल आलं. शनिवारी दुपारी, ऐन गर्दीत. माझे हात पिठाचे होते म्हणून विंगने फोडलं, आणि त्याला वाचता येत नाही म्हणून माझ्या तोंडासमोर धरून उभा राहिला. रांगेतली माणसं माशाची वाट बघत होती.

तुम्ही लिहिलंत : "शेवटचा चौक पाकिटात घालायचा नसतो. आधी आपल्या गावात, आपल्या माणसांपुढे म्हणायचा, मग पाठवायचा. जत्रेपर्यंत थांबलो. परवा जत्रेत मकाचा पोवाडा म्हटला. लोकांनी दोनदा घेतला. तिसऱ्यांदा आवाज राहिला नाही."

आणि खाली चौक :

धोंडीराम शाहीर कवन करी, कृष्णेच्या तीरी,
झील धरी शशी मक, मकांच्या घरी, जी जी रं जी

आबा, हे तुम्ही आख्ख्या बोरगावापुढे म्हणालात. मुळ्यांपुढे, भोपळ्यांपुढे, पाटलांपुढे. मी इथवर वाचलं आणि मला पुढचं दिसेना. विंग म्हणाला, वाईट बातमी आहे का? मी मान हलवली, पण कोणत्या बाजूला ते मलाच कळलं नाही.

मग डोळे पुसून शेवटच्या ओळी वाचल्या. "पाटलांनी विचारलं, शाहीर, हे मक कोण, कुठले? मी म्हणालो, आमचे व्याही."

मामंजींना त्या शब्दाचा अर्थ सांगितला. आपली लेक ज्या घरी दिली, त्या घरच्या माणसाला असं म्हणतात. दोन्हीकडून सारखंच म्हणतात, तुम्ही त्यांना आणि ते तुम्हाला. ते म्हणाले, "लोकांसमोर म्हणाले?"

"आख्ख्या जत्रेत."

त्यांनी झारा ठेवला, हात पुसले, दारापाशी गेले आणि 'बंद'ची पाटी लावली. रांगेत होते त्यांना मासे फुकट दिले आणि म्हणाले, थांबा, ऐकून जा. मग आम्ही काउंटरच्या मागे उभे राहिलो, विंगने तेलाच्या रिकाम्या डब्यावर ठेका धरला, आणि मी शेवटचा चौक म्हटला, पूर्ण, नावासकट. बाहेर राहिलेली गिऱ्हाइकं काचेला नाक लावून बघत होती.

तुमची झीलकरी,
शशी मक